किलपेकचं छोटं चर्च आणि त्याची राखण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये आमच्याकडे कोणी पाहुणे आले, की मी त्यांना एकदा तरी किलपेकला घेऊन जाते. तिथून परततानाच्या गाडीत जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न इमारतीबद्दलचे आहेत, काही तिच्या संरक्षणाबद्दलचे. मी वास्तुविशारद नाही. आमच्या गावातल्या जुन्या चर्चच्या देखभालीत गेली काही वर्षं हातभार लावते, तेवढाच माझा अधिकार.

किलपेक आहे कुठे? एवढ्याशा चर्चसाठी वाट वाकडी का करायची?

हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण चौदा किलोमीटरवर, वेल्सच्या सरहद्दीजवळ हे खेडं आहे. हेरफर्डहून ॲबरगॅव्हनीकडे जाणारा ए-४६५ रस्ता सोडून थोडं आत वळलं की गाव लागतं. चर्चचं नाव सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड. मागच्या बाजूला किल्ल्याची मातीची उंच टेकडी आणि तिच्यावर भिंतीचे दोन-चार तुकडे उरलेत. एके काळी इथे मोठी वस्ती होती. शेजारच्या शेतातले उंचवटे त्याच जुन्या गावाच्या खुणा आहेत.

वाट वाकडी का करायची, तर बाराव्या शतकातलं इतकं कोरीवकाम, इतक्या धडधाकट अवस्थेत आणि मूळ जागीच, इंग्लंडमध्ये फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. मोठी कॅथीड्रल पाहून मान दुखते. इथे दरवाज्यावरची बरीच नक्षी डोळ्यांच्या पातळीवर आहे.

हे कोणी आणि कधी बांधलं?

११४०च्या सुमारास. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यावर ही जहागीर विल्यम फिट्झ नॉर्मन याला मिळाली. १०८६च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, तसा उल्लेख आहे. चर्च उभं राहिलं ते त्याचा मुलगा ह्यू याच्या काळात. कोरणाऱ्या कारागिरांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. त्यांच्या हातची कामं मात्र आजूबाजूच्या अनेक गावांत सापडतात. इर्डिस्ले आणि कासल फ्रोम इथली बाप्तिस्म्याची कुंडं, ब्रिन्सॉप आणि स्ट्रेटन सगवासचे दगड, शॉबडनच्या कमानी ही त्यातली ठळक कामं. अभ्यासक या सगळ्यांना मिळून ‘हेरफर्डशायर स्कूल’ म्हणतात. शाळा म्हणण्यापेक्षा आपल्याकडच्या ‘घराण्या’च्या अर्थाने हा शब्द घेतला तर जास्त जुळतो.

शॉबडनचं चर्च बांधणारा ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड स्पेनमधल्या सान्तियागो द कॉम्पोस्तेलाच्या यात्रेला जाऊन आला होता. त्यामुळे फ्रान्स-स्पेनच्या यात्रामार्गावरची शिल्पं या कारागिरांच्या कानावर आली किंवा डोळ्यांखालून गेली असणार, असं मानतात. त्यात व्हायकिंग वळणाचे साप-ड्रॅगन आणि या मुलखातली केल्टिक गुंतवळ मिसळली.

इमारतीची रचना कशी आहे? देवळाशी ताडून सांगता येईल का?

ढोबळ येईल. तीन भाग एका रांगेत आहेत. पश्चिमेला लोकांनी बसायचं नेव्ह, म्हणजे सभामंडप. मग अरुंद चॅन्सेल, त्याला देवळातलं अंतराळ म्हणू, म्हणजे मंडप आणि गाभाऱ्याच्या मधली जागा. आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार ॲप्स, म्हणजे गाभारा. मंडप मोठा, अंतराळ त्याहून लहान, गाभारा सर्वांत लहान. आत पाऊल टाकल्यावर नजर आपोआप पुढच्या टोकाकडे ओढली जाते.

नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन संत एकाच्या डोक्यावर एक उभे आहेत. त्यातल्या एकाच्या हातात किल्ली आहे, तो सेंट पीटर. ॲप्सच्या छताच्या फासळ्यांवर नागमोडी नक्षी कोरलेली आहे. आतलं मोठं कोरीवकाम इथेच संपतं. भिंती साध्या आहेत, आणि मला तो साधेपणा फार आवडतो.

नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यातलं थोडं बांधकाम याहूनही जुनं, नॉर्मनांच्या आधीच्या सॅक्सन काळातलं समजलं जातं. म्हणजे देवाची जागा आधीपासूनचीच. वर दिसणारी घंटेची छोटी कमान मात्र एकोणिसाव्या शतकातली आहे.

दक्षिण दरवाज्यासमोर सगळे एवढा वेळ का थांबतात?

मी प्रत्येकाला तिथे किमान पंधरा मिनिटं उभं करते. आधी पूर्ण दरवाजा बघा, मग जवळ जा.

दरवाज्याच्या वर अर्धवर्तुळात एक वेल आहे. तिला जीवनवृक्ष म्हणतात. फांद्या दोन्हीकडे सारख्या वळलेल्या, टोकांना घोस लटकलेले. तिच्याभोवतीच्या कमानीत पशुपक्ष्यांची रांग आहे. बाहेरच्या पट्टीत प्रत्येक प्राणी एकेका गोल कडीत बसवलाय, आणि दोन कड्यांना जोडणाऱ्या जागी मुखवट्यासारखा चेहरा आहे. अगदी बाहेरच्या खांबांवर साप. एकाची शेपटी दुसऱ्याच्या जबड्यात, असे ते उतरत गेलेत. डावीकडच्या आतल्या खांबावर दोन योद्धे वेलींत गुरफटलेले आहेत. त्यांच्या अंगात ढगळ विजारी आहेत, बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या मानाने हा वेश वेगळाच. उजव्या खांबाच्या माथ्यावर एक चेहरा आहे आणि त्याच्या तोंडातून पानं बाहेर पडतायत. इथे याला ‘ग्रीन मॅन’ म्हणतात.

आपल्यातल्या कोणालाही त्या चेहऱ्यापाशी कीर्तिमुख आठवतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडायला माझ्याजवळ काही आधार नाही. पण दाराशी असा चेहरा पाहायची सवय असलेला माणूस इथे परका राहत नाही, एवढं मी दर वेळी बघते.

संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की सापाच्या अंगावरच्या रेषा सुट्या दिसायला लागतात. छिन्नी कुठून आत शिरली आणि कुठे उचलली, तेही कळतं. तेवढं बघायला मिळालं तर प्रवासाचं सार्थक झालं म्हणायचं.

वळचणीखाली ती तोंडं कसली आहेत?

ते कॉर्बेल. वाड्याच्या सज्जाखाली तोडे असतात ना, तसेच भिंतीतून पुढे आलेले दगड. ही रांग साऱ्या इमारतीभोवती फिरते. जी. आर. लुईस यांनी १८४२ साली या चर्चच्या चित्रांचं पुस्तक काढलं, त्यात त्यांनी ९१ तोडे नोंदवले होते. आज ८५ आहेत.

तोड्यांवर डुक्कर आहे, अस्वलासारखा प्राणी आहे, वाद्य वाजवणारा माणूस आहे, क्रूस धरलेलं कोकरू आहे. सगळ्यांत लाडका म्हणजे कुत्रा आणि ससा. दोघं शेजारी शेजारी टेकून बसलेत. कुत्र्याचे कान लोंबते, ससा मोठ्या डोळ्यांचा. शिकारी आणि शिकार असे एकाच दगडातून का बाहेर काढले असतील, याचं उत्तर कोरणाऱ्याबरोबर गेलं. माझ्या भाचीने त्या दोघांकडे बघून विचारलं होतं, “मावशी, यांची मैत्री झालीय का गं?” त्या दगडाबद्दलचं याहून चांगलं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

ती विवस्त्र स्त्रीची आकृती म्हणजे लज्जागौरीच का?

हा प्रश्न मराठी पाहुणे हमखास विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. ॲप्सच्या बाजूच्या तोड्यांत ती आहे. तिला ‘शीला ना गिग’ म्हणतात. अशा आकृत्या आयर्लंड-ब्रिटनमधल्या अनेक मध्ययुगीन इमारतींवर आहेत.

लज्जागौरीशी तिचा ऐतिहासिक धागा जोडता येत नाही. महाराष्ट्रातल्या तेरसारख्या ठिकाणी सापडलेल्या लज्जागौरी किलपेकपेक्षा कित्येक शतकं जुन्या आहेत. त्यांना मस्तकाच्या जागी बहुधा कमळ असतं आणि त्या पूजेतल्या आहेत. शीलाचा चेहरा मात्र ठळक आहे, आणि ती भिंतीवर उंच बसलेली. तिचा अर्थ काय यावर एकमत नाही. कामवासनेपासून सावध करणारी, अरिष्ट टाळणारी, सुफलनाची अशी तिन्ही मतं आहेत. तिच्यासमोर आपली माणसं खिदळत नाहीत, शांतपणे बघतात, हे मला नेहमी बरं वाटतं.

जवळपास नऊशे वर्षं ही नक्षी टिकली कशी?

पहिलं कारण दगड. हा इथलाच लालसर वालुकाश्म, ‘ओल्ड रेड सँडस्टोन’. वालुकाश्म म्हटला की झिजणार, पण इथे निवडलेला थर चांगलाच चिवट निघाला.

दुसरं कारण आडोसा. तोड्यांवर छपराची वळचण आहे. दक्षिण दरवाज्यापुढे बराच काळ लाकडी पडवी होती. तिच्यामुळे नक्षी लोकांना धड दिसत नव्हती, पण पावसापासून वाचली. एकोणिसाव्या शतकात पडवी काढल्यावर दगड हळूहळू झिजू लागला, म्हणून पुढे दरवाज्याच्या वर पाणी अडवणारी पट्टी बसवली गेली. एवढीशी पट्टी, पण तिचं काम मोठं आहे.

आडोशाची किंमत कळायला शॉबडनला जावं. तिथलं चर्च याच घराण्याच्या कारागिरांनी घडवलेलं होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर जमीनदार कुटुंबाने नव्या फॅशनचं चर्च बांधायला घेतलं आणि जुनं पाडलं. कोरीव कमानी आणि दरवाजे फेकून दिले नाहीत, पण हवेलीतून शोभिवंत दिसावेत म्हणून टेकडीवर उघड्यावर उभे केले. तिथे ते अडीचशेहून जास्त वर्षं पावसात भिजतायत. लुईस यांनी शॉबडनचीही चित्रं काढली होती, त्यांत बरंच काही वाचता येतं. आज प्रत्यक्ष दगडावर बोट ठेवून इथे कोण होतं ते सांगणं अवघड झालंय. एकाच कारागिरांच्या हातचं काम, साधारण एकाच काळातलं. एकाच्या डोक्यावर छप्पर राहिलं, दुसऱ्याच्या गेलं. दोन्ही ठिकाणं एका दिवसात बघून मी गाडीत बराच वेळ गप्प होते.

तिसरं कारण, एकोणिसाव्या शतकातला जीर्णोद्धार इथे बेताने झाला. त्या काळात इंग्लंडभर जुनी चर्चेस खरवडून ‘शुद्ध’ करण्याची लाट होती. तिला विरोध म्हणून लेखक आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. तिचा आग्रह साधा होता, रोज थोडी काळजी घेऊन पडझड टाळा, नव्याने घडवू नका. ती संस्था आजही काम करते.

‘ग्रेड वन’ म्हणजे सरकारने ताब्यात घेतलेलं स्मारक का?

नाही. इथेच आपल्या लोकांचा गोंधळ होतो. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचा निळा फलक, कुंपण आणि शंभर मीटरच्या आत बांधकामबंदी हे चित्र डोक्यात असतं. इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींची यादी आहे. त्यात ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू अशा तीन पायऱ्या. यादीत आल्याने मालकी बदलत नाही, बदल करण्यावर मात्र बंधन येतं. किलपेक सर्वांत वरच्या पायरीवर आहे आणि चालू पॅरिश चर्च, म्हणजे गावाच्या नेहमीच्या प्रार्थनेचं चर्च आहे. म्हणजे जुनी इमारत जपण्याचा भार मुख्यतः गावातल्या मूठभर माणसांवर. चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६ हजार चर्चेस आहेत, त्यांपैकी १२ हजारांहून जास्त या यादीत आहेत. बहुतेक ठिकाणी स्थिती हीच.

मागचा किल्ला मात्र वेगळ्या कायद्याखाली संरक्षित प्राचीन स्मारक आहे.

मग दुरुस्तीला परवानगी कोण देतं?

१९१३च्या प्राचीन स्मारक कायद्यापासून चालू चर्चना सरकारी परवान्यातून सूट आहे. सूट याचा अर्थ मोकळीक नव्हे. चर्चची स्वतःची यंत्रणा आहे आणि ती पुष्कळदा जास्त चौकस असते. परवानगीला ‘फॅकल्टी’ म्हणतात. अर्ज पॅरिशचं मंडळ आणि वॉर्डन, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारे गावकरी, करतात. डायोसिसची, म्हणजे बिशपच्या प्रांताची, सल्लागार समिती तो बघते, तिच्यात वास्तुतज्ज्ञ, घंटांचे जाणकार, पुरातत्त्वाचे लोक असतात. मोठं काम असेल तर हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारची वारसा-सल्लागार संस्था आणि मॉरिस यांच्या संस्थेसारख्या संस्थांचं मत घेतात. शेवटी निर्णय देतो चान्सलर, म्हणजे डायोसिसच्या न्यायालयाचा न्यायाधीश. बाहेरून इमारतीचं रूप बदलणार असेल तर स्थानिक परिषदेची नियोजन परवानगी वेगळी लागते.

किरकोळ कामांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीतली कामं न विचारता करता येतात, दुसरीतल्यांना आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची, लेखी संमती पुरते.

इतक्या जुन्या चर्चमध्ये स्वच्छतागृह किंवा हीटर बसवूच देत नाहीत का?

देतात, पण गरज पटवून द्यावी लागते. डफिल्ड इथल्या चर्चच्या खटल्यातल्या २०१२च्या निकालापासून ठरावीक प्रश्न विचारले जातात. या बदलाने इमारतीच्या महत्त्वाला इजा होईल का? किती गंभीर? त्यामागची गरज किती पक्की? आणि लोकांना होणारा फायदा त्या इजेपेक्षा मोठा आहे का? ग्रेड वन इमारतीला गंभीर इजा होणार असेल तर होकार क्वचितच मिळतो.

मला हे प्रश्न फार मोलाचे वाटतात. आपल्याकडे एखाद्या जुन्या देवळात दगडी खांबांवर ऑइलपेंट फासण्याआधी कोणी एवढे चार प्रश्न विचारले असते तर, असं मनात येतंच.

भेगा सिमेंटने का बुजवत नाहीत? तेच पक्कं नाही का?

पक्कं आहे, आणि तोच त्याचा दोष. जुनी भिंत श्वास घेते, असं इथले गवंडी म्हणतात. दगडात शिरलेलं पाणी सांध्यांतल्या चुन्यातून बाहेर पडतं आणि वाळतं. चुना दगडापेक्षा मऊ, म्हणून झिजतो तोही चुनाच, आणि ते सांधे पुन्हा भरता येतात. सांध्यात सिमेंट भरलं की ओल अडते. मग ती दगडाच्या तोंडातूनच बाहेर पडू बघते. थंडीत ते पाणी गोठतं, फुगतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो.

आमच्या जवळच्या एका चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला कोणे एके काळी कोणीतरी सढळ हाताने सिमेंट मारलेलं होतं. मी ते काढायच्या वेळी तिथे होते. सांध्यांच्या कडक चौकटी जशाच्या तशा पुढे आलेल्या, आणि मधले दगड बशीसारखे खोलगट झालेले. बोटाने टेकलं तर लाल भुकटी हाताला लागत होती. गवंड्याने एकेक सांधा हाताने छिन्नीने मोकळा केला, यंत्र लावलं नाही, कारण यंत्र दगडाची कड खातं. मग चुना आणि कंगोरेदार वाळू कालवून भरली, ओली गोणपाटं लटकवली आणि कित्येक दिवस पाणी मारत राहिला. आपल्याकडे वाडे बांधताना घाण्यात चुना मळायचे, तो ऐकलेला तपशील त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजला.

सामान्य माणूस यात काय करतो?

पन्हळ साफ करतो. खरंच, सगळ्यात मोठं काम हेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं पडतात, पन्हळ आणि खाली उतरणारे नळ तुंबतात, पाणी भिंतीवरून वाहायला लागतं आणि दोन हिवाळ्यांत आत ओलीचा डाग उमटतो. पाऊस चालू असताना छत्री घेऊन चर्चभोवती एक फेरी मारायची आणि पाणी कुठे चुकीचं पडतंय ते बघायचं, ही मला इथे मिळालेली पहिली शिकवण. भिंतीला लागून वाढलेलं गवत काढणं, आयव्हीची वेल लहान असतानाच तोडणं, हीसुद्धा तीच कामं.

१९५५ साली सुरू झालेल्या पद्धतीनुसार दर पाच वर्षांनी वास्तुविशारद किंवा सर्व्हेअर येऊन संपूर्ण इमारत तपासतो आणि कामांची क्रमवारी लावून अहवाल देतो. पॅरिशचं मंडळ पुढची पाच वर्षं त्या कागदावर चालतं.

पैसा कुठून येतो?

मुख्यतः गावातून. दानपेटी, मृत्युपत्रातल्या देणग्या, केक विकून, मैफली भरवून. मोठ्या कामाला लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीकडे किंवा नॅशनल चर्चेस ट्रस्टसारख्या संस्थांकडे अर्ज करतात. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो. तो परत देण्याची सरकारी योजना बरीच वर्षं होती, पण २०२५ साली एका ठिकाणासाठी वर्षाला २५ हजार पौंडांची मर्यादा घातली गेली. छपराचं काम काढलेल्या गावाला ती मर्यादा जड गेली. जिथे शंभर-दोनशे माणसं राहतात, तिथे राष्ट्रीय ठेवा सांभाळायचा भार असा गावावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

वटवाघळं आणि शिशाच्या चोऱ्या यांबद्दल ऐकलंय, ते काय?

वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची वस्ती असेल तर दुरुस्तीची वेळ तिच्याप्रमाणे ठरवावी लागते. शिसं महाग असल्याने अनेक जुन्या चर्चच्या छपरांवरून ते रात्रीत चोरीला जातं, आणि पुढच्या पावसात नुकसान छपरापेक्षा आतल्या लाकडाचं आणि गिलाव्याचं जास्त होतं.

गावात येणारे लोकच उरले नाहीत तर?

मग चर्च रीतसर बंद घोषित होतं. त्यातली महत्त्वाची चर्चेस ‘चर्चेस कन्झर्वेशन ट्रस्ट’ या संस्थेकडे जातात. १९६९ साली सुरू झालेल्या या संस्थेकडे आज साडेतीनशेच्या वर चर्चेस आहेत. १९५७ पासून ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ नावाची संस्थाही असंच काम करते, निराधार चर्चेसची मित्रमंडळी. बाकीची विकली जातात, कुठे घर होतं, कुठे कलादालन. किलपेकमध्ये प्रार्थना चालू आहे.

मूळ दगड संग्रहालयात नेऊन प्रतिकृती का लावत नाहीत?

दगड हाताबाहेर झिजू लागला तर काही ठिकाणी तसं करावं लागतं. पण किलपेकचा दरवाजा अजून दरवाजा आहे. त्यातून लग्नाची जोडपी बाहेर पडतात, शवपेट्या आत जातात. तो काचेमागे गेला तर साप राहतील, उंबरठा जाईल. मी तरी आडोसा, चुना आणि नियमित तपासणी याच बाजूने उभी राहीन. बारीक मोजमापं आणि छायाचित्रं वरचेवर घेत राहणं मात्र हवंच. लुईस यांनी मोजून ठेवले नसते तर सहा तोडे कमी झाल्याचं कोणाला कळलं असतं?

भेटीला जाताना काय लक्षात ठेवावं?

दुर्बीण न्या, तोडे नीट दिसतात. जमलं तर दुपार टळल्यावर जा. आत प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, तोवर तोडे बघून होतात. थडग्यांवर बसू नका, त्यातल्या काहींना अजून फुलं वाहिली जातात. दरवाज्यावरच्या नक्षीला हात लावू नका. योद्ध्याच्या विजारीच्या चुण्या बोटाने चाचपायचा मोह मलाही होतो, पण बोटांचं तेल आणि घाम दगडात मुरतो. मुलांना उचलून जवळून दाखवा, ते चालतं. निघताना पेटीत काही टाका, आणि पाऊस असेल तर छत्री उघडून एक फेरी मारा. पन्हळीतून पाणी भिंतीवर गळताना दिसलं, तर सूचनाफलकावर वॉर्डनचा नंबर शोधा आणि कळवा.